घाट चढताना ताशी ३० किमी, त्याच रस्त्याने उतरताना ताशी ६०. मग सरासरी चाल ४५ का येत नाही? पुस्तकात उत्तर ४० आहे.

पुस्तक बरोबर आहे. मी नववीच्या शिकवण्या घेतो, आणि हे ४५ दरवर्षी निम्म्या वह्यांत सापडतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. अंतर दिलेलं नाही म्हणून अडलात ना? सोयीचं धरा. घाट ३० किमीचा धरू. चढायला १ तास, उतरायला अर्धा. ६० किमी दीड तासात, म्हणजे ताशी ४०. अंतर ६० किमी धरून बघा, तरी ४०च येतं.

गाडी ३०च्या चालीने तासभर रखडली आणि ६०च्या चालीने जेमतेम अर्धा तास पळाली. म्हणून उत्तर ३०कडे झुकलं. दोन्ही चालींनी सारखाच वेळ गेला असता तर तुमचे ४५ बरोबर होते. त्यामुळे गणितात ‘अर्धं अंतर’ आहे की ‘अर्धा वेळ’, तिथे आधी पेन्सिलने खूण करायची.

आणखी एक खड्डा मिनिटांचा. डेक्कन क्वीन पुण्याहून ७:१५ ला सुटून १०:२५ ला सीएसएमटीला पोचते, अंतर १९२ किमी. वेळ ३ तास १० मिनिटं. पोरं बिनधास्त ३.१० ने भागून ६१.९ लिहितात! १० मिनिटं म्हणजे तासाचा सहावा भाग. १९२ ला १९/६ ने भागा, ताशी साधारण ६०.६ येतील. मधल्या स्टेशनांवर गाडी थांबते तो वेळही यातच धरायचा, वजा करायचा नाही.

पेपरात ‘चाल’ऐवजी ‘सरासरी वेग’ विचारला असेल तर मात्र तुमच्या घाटाच्या गणिताचं उत्तर शून्य. सरासरी वेग म्हणजे विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर) भागिले एकूण वेळ. निघालात तिथेच परत आलात, विस्थापन शून्य.

आता एक माझ्याकडून. तोच ३० किमीचा घाट ताशी ३० ने चढलात. उतरताना किती चाल ठेवली तर संपूर्ण फेरीची सरासरी ६० होईल? वर्गात एका सुरात ‘९०’ येतं. ९० ने उतरायला २० मिनिटं लागतात, म्हणजे ६० किमीला ८० मिनिटं, सरासरी ४५. साठची सरासरी हवी तर अख्खी फेरी एका तासात व्हायला हवी, आणि तो तास तर चढतानाच संपलाय.