पुणे की जर्मनी: राहणीमानात खरंच इतका फरक असतो का?

पुण्यातली आयटीची नोकरी सोडून बायको-मुलीसह जर्मनीला जावं का, असं तुम्ही विचारलंय.

फरक असतो, आणि मोठा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या मानव विकास अहवालात जर्मनी 5 व्या क्रमांकावर आहे, भारत 130 व्या. अर्थात हा आकडा सगळ्या देशाचा. कोथरूडात स्वतःचा फ्लॅट असलेल्या घराला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

माझ्या मते खरा फरक पगारात नाही, वेळेत आहे. पाच दिवसांचा आठवडा असेल तर तिथे वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. इथे हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून लेक झोपल्यावर घरी पोचणारे बाप मी रोज बघते, जीव तुटतो. शिवाय बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, मुलीसाठी हे फार मोठं आहे.

पगारातून कर, आरोग्य विमा, पेन्शन असं बरंच कापलं जातं. रविवारी दुकानं बंद. धुण्याभांड्याला मावशी नाहीत. हे सगळं अंगवळणी पडतं.

आईवडिलांचं मात्र पडत नाही. ते सत्तरीला आले असतील तर रात्री दोन वाजता त्यांना दवाखान्यात कोण नेणार, हे आधी घरी बसून स्पष्ट बोला. आणि जायचं ठरलं तर जर्मन इथेच शिकायला लागा. मॅक्स म्युलर भवनात वर्ग असतात. बायकोनेही शिकावं, नाहीतर तिथे एकटी तीच पडते.