उपकेंद्राच्या पातळीवर डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांची काळजी जुळवून आणण्यासाठी कोणती कौशल्ये लागतात?

आपण समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नुकत्याच रुजू झाला आहात, असे प्रश्नावरून दिसते. मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले असल्याने त्या अनुभवावरून लिहितो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे. पाच हजार लोकवस्तीत पाचशे ज्येष्ठ धरले, तर आपल्याच गावांत असे पस्तीस-चाळीस जण असू शकतात. मात्र ‘वय झाले, विसरणारच’ असे समजून घरचे त्यांना आपल्याकडे आणत नाहीत. म्हणून घरच्या माणसाकडून नेमकी हकिकत काढून घेणे, हे मी पहिले कौशल्य मानतो. शाळेची पायरी न चढलेल्या आजींना शंभरातून सात वजा करायला सांगितले, तर त्यातून स्मरणशक्तीपेक्षा शिक्षणच अधिक मोजले जाते. त्याऐवजी सुनेला विचारावे, की दोन वर्षांपूर्वी आजी स्वतः करत होत्या आणि आता जमत नाही, असे काय आहे? दळणाच्या पैशांचा हिशेब चुकतो का, भाजीत मीठ दोनदा पडते का, शेताची नेहमीची वाट चुकते का?

बदल किती दिवसांत झाला, हेही तितक्याच बारकाईने विचारावे. दोन दिवसांत अचानक बरळणे सुरू झाले असेल, तर संसर्ग, अंगातील पाणी कमी होणे किंवा नव्या गोळीचा परिणाम असू शकतो आणि अशा रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवणे आवश्यक असते. नैराश्य, थायरॉइडची कमतरता आणि बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांमुळेही विसराळूपणा येतो, पण यांवर उपचार होऊ शकतात. घरातील औषधांची पिशवी मागवून घ्यावी. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही वृद्धांचा गोंधळ वाढतो.

चिठ्ठी देऊन रुग्णाला जिल्हा रुग्णालयात पाठवले, की काम संपले असे समजले जाते, आणि खरी गळती तिथेच होते. रुग्ण तिथे पोहोचला का, काय निदान झाले, गोळ्या कोठून मिळणार, याचा पाठपुरावा आशाताईंच्या गृहभेटींतून करावा. त्याच भेटीत सांभाळणाऱ्या सुनेचा किंवा लेकीचा रक्तदाब तपासावा, रात्रीची झोप होते का ते विचारावे, आणि ती खचलेली वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक स्वतः लावून द्यावा.