मायक्रोटर्बाइनची किंमत नंतर, आधी उष्णतेचा हिशेब

तुमचा प्रश्न असा, की ६५ किलोवॅटचं मायक्रोटर्बाइन (गॅसवर चालणारं छोटं टर्बाइन) वीज आणि गरम पाणी दोन्ही देतं, विक्रेता एकूण कार्यक्षमता ८० टक्के सांगतो, तरी बाजारात गॅस इंजिनंच जास्त का खपतात?

विक्रेत्याचा आकडा खोटा नाही. फक्त तो सगळी उष्णता कामी आली तरच खरा. १०० युनिट गॅस जाळला की या मापाच्या यंत्रातून साधारण २९ युनिट वीज आणि ५० युनिट उष्णता मिळते. तेवढी उष्णता ८५ टक्के कार्यक्षम बॉयलरमधून काढायला ५९ युनिट गॅस लागला असता. तो वजा केला की विजेच्या नावावर उरतो ४१ युनिट, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे फक्त १.४ युनिट गॅस. उष्णता धुराड्यातून वाया गेली, तर हाच आकडा जवळपास ३.५ होतो! तिथे इंजिन सहज बाजी मारतं, कारण त्याची विजेची कार्यक्षमता सहसा जास्त असते आणि किलोवॅटमागे किंमतही कमी.

म्हणून गिऱ्हाईक ठरावीकच. इंजिनाची बरीचशी उष्णता नव्वदेक अंशांच्या पाण्यात अडकते. टर्बाइनची जवळजवळ सगळी एक्झॉस्टमधून, सुमारे ३०० अंशांना बाहेर पडते. वाळवण, वाफ, शोषण-चिलर (उष्णतेवर चालणारं थंड करायचं यंत्र) असं काम वर्षभर चालू असेल, तर मी टर्बाइनच घेईन. तेलविहिरींवर ही यंत्रं खपतात ती वेगळ्या कारणाने: गॅस एरवी जाळूनच टाकायचा असतो आणि दुरुस्तीला माणूस लवकर पोचत नाही. कॅपस्टोन या कंपनीच्या ६५ किलोवॅट यंत्राचा शाफ्ट मिनिटाला ९६,००० फेरे घेतो, तोही हवेच्या बेअरिंगवर. त्यामुळे ऑइल बदलायची भानगडच नाही.

मला काळजी वाटते ती पुरवठादारांची. या धंद्यात मोजकीच नावं आहेत. व्होल्वो आणि एबीबी यांनी स्वीडनमध्ये उभी केलेली टर्बेक ही मायक्रोटर्बाइन कंपनी पुढे इटलीच्या अन्साल्डोकडे गेली. सगळ्यात मोठं नाव कॅपस्टोन, तिनेही सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षण मागितलं आणि डिसेंबरमध्ये ती त्यातून बाहेर आली. साधारण ४०,००० तासांनी, म्हणजे अखंड चालवलं तर साडेचार वर्षांत, टर्बाइनचा मुख्य गाभाच बदलावा लागतो. तेव्हा तो देणारा कोण, कुठल्या दराने, हे खरेदीच्याच कागदावर हवं. माझ्या मते यंत्राच्या किमतीपेक्षा याच कलमावर जास्त घासाघीस करा.

आणखी दोन गोष्टी. छापील ६५ किलोवॅट १५ अंश हवेला असतात. उन्हाळ्यात वीज घटते, शिवाय गॅसचा दाब कमी असेल तर कॉम्प्रेसर त्यातलेच काही किलोवॅट खातो. दुपारच्या उन्हातली निव्वळ वीज किती, ते लेखी घ्या. आणि सांडपाण्याचा बायोगॅस वापरणार असाल तर सिलोक्सेन (त्यात मिसळलेली सिलिकॉनची संयुगं) काढल्याशिवाय चालवू नका; जळल्यावर त्याची वाळूसारखी सिलिका होते आणि रिक्युपरेटरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेने आत येणारी हवा तापवणाऱ्या भागात, चिकटून बसते.

तुमच्याकडची उष्णतेची मागणी तासागणिक लिहिलेली असेल तर टाका, बसून आकडेमोड करू.