सॉफ्टवेअर सिंथेसायझरच्या लोकप्रियतेच्या याद्यांवर किती विसंबावे?

आपण विचारले आहे की इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांमध्ये सर्वाधिक लोकप्रिय सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे संगणकातच ध्वनी घडवणारे वाद्य, कोणता, दर ठिकाणची क्रमवारी वेगळी का असते, आणि साध्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या नवख्याने एकच सिंथ घ्यायचा ठरवला तर या क्रमवाऱ्यांवर विसंबावे का. मी पुण्यात जाहिरातींचे संगीत आणि थोडेफार नृत्यसंगीत करतो. माझे जवळजवळ सगळे ध्वनी संगणकातच तयार होत असल्यामुळे हा प्रश्न मला स्वतःला अनेक वर्षे पडत आलेला आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. गेल्या दहाएक वर्षांत मी पाहिलेल्या बहुतेक याद्यांमध्ये एक्सफर रेकॉर्ड्सचा सीरम पहिल्या दोन-तीन नावांत असतो आणि त्याच्या आसपास ऑम्निस्फिअर, डिव्हा, सायलेंथ वन, मॅसिव्ह, पिगमेंट्स आणि 2020 नंतर व्हायटल ही नावे खालीवर होत राहतात. नावे साधारण तीच आणि क्रम मात्र प्रत्येक वेळी निराळा, असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय या याद्यांचा खरेदीसाठी काही उपयोग होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

याचे पहिले कारण म्हणजे प्रत्येक यादी वेगळीच गोष्ट मोजत असते. समजा, दहा संगीतकारांना आपण आवडता सिंथ विचारला आणि प्रत्येकाला एकच मत दिले. चौघांनी सीरम, तिघांनी डिव्हा आणि तिघांनी ऑम्निस्फिअर सांगितला, तर सीरम पहिला ठरेल. आता त्याच दहा जणांना प्रत्येकी तीन नावे देण्याची मुभा द्या. या दहाही जणांनी संगीत रचण्याच्या आपल्या मूळ सॉफ्टवेअरबरोबर आलेला अंगचा सिंथ, म्हणजे एबल्टन लाइव्हमधला वेव्हटेबल किंवा लॉजिकमधला अल्केमी यांसारखे काही, दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर लिहिले, तर आधीच्या यादीत ज्यांचे नावही नव्हते ते अंगचे सिंथ एकदम वर येतील. माणसे तीच आणि त्यांच्या आवडीही त्याच, तरी केवळ विचारण्याची रीत बदलल्याने क्रम बदलला. रोज हाताखाली असणारी वस्तू कोणी आवडती म्हणून सांगत नाही आणि तिच्यावाचून काम मात्र अडते, त्यामुळे एकमताच्या याद्यांत अंगच्या सिंथवर नेहमी अन्याय होतो.

विक्रीच्या याद्यांचे गणित आणखी वेगळे असते. प्लगइन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचे असे सिंथ वगैरे, विकणाऱ्या दुकानांच्या सर्वाधिक विक्रीच्या यादीवर सवलतींचा मोठा परिणाम होतो. नोव्हेंबरच्या अखेरीस ज्याची किंमत एक चतुर्थांशावर येते ते प्लगइन त्या आठवड्यात वर चढते, आणि विकत घेणाऱ्यांपैकी कितीजण ते पुन्हा उघडतात याची नोंद त्या यादीत नसते. मीही एका वर्षी असाच एक सिंथ, केवळ तो यादीत पहिला आहे आणि स्वस्त मिळतो आहे म्हणून घेतला होता. त्याचा ध्वनी चांगला होता, पण माझ्या एकाही पूर्ण झालेल्या कामात तो उतरला नाही, कारण मला हवा असलेला जाड, संथ, हळूहळू उलगडणारा पॅड, म्हणजे मागे पसरून राहणारा लांब स्वर, हे त्याचे क्षेत्रच नव्हते. शिवाय काही नावाजलेले निर्माते आपला सिंथ मुख्यतः स्वतःच्या संकेतस्थळावरूनच विकतात, त्यामुळे दुकानांच्या याद्यांत त्यांची खरी गणती होतच नाही. पैसे न देता, कुलूप तोडलेल्या प्रती वापरणाऱ्यांची संख्याही कुठल्याच विक्रीत दिसत नाही. आपल्याकडच्या घरगुती स्टुडिओंत ती किती मोठी आहे, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तरीही या याद्या निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही. एखादा सिंथ वर का चढला याची कारणे पाहिली, तर त्यातून पुष्कळ शिकायला मिळते.

सॉफ्टवेअर सिंथचा काळ फार जुना नाही. स्टाइनबर्गने व्हीएसटी ही जोडणी 1996 मध्ये आणली आणि 1999 च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्लगइनला मिडी संदेश, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या सूचना, घेता येऊ लागले. तेव्हापासून कोणत्याही निर्मात्याचा सिंथ यजमान सॉफ्टवेअरच्या, म्हणजे संगीत रचण्याच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, आत वाद्यासारखा वाजवता येऊ लागला. त्यानंतरच्या काही वर्षांत जुन्या हार्डवेअरच्या प्रतिकृतींची चलती होती. 2006-07 च्या सुमारास दोन सिंथ आले आणि त्यांनी दोन वेगळे प्रवाह घडवले. नेदरलँड्समधल्या लेनार डिजिटलच्या सायलेंथ वनमध्ये चार ऑसिलेटर, म्हणजे मूळ तरंग निर्माण करणारे भाग, होते, प्रत्येकाला आठपर्यंत युनिसन आवाज, म्हणजे त्याच स्वराच्या एकत्र वाजणाऱ्या प्रती, देता येत, आणि एवढे करूनही तो त्या काळच्या संगणकांवर हलका चालत असे. ट्रान्स आणि हाउस संगीताला लागणारे रुंद, भरदार सूर एका साध्या खिडकीत मिळत असल्यामुळे तो वर्षानुवर्षे याद्यांत टिकला.

बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा मॅसिव्ह वेगळ्या वाटेने वर आला. त्यातली वेव्हटेबले, म्हणजे एकामागे एक रचलेल्या तरंगरूपांचे संच, कर्कश, धातूसारखी वाजत आणि माहितगारांच्या भाषेत बोलायचे तर सारे काही मॉड्युलेशनवर, म्हणजे एका नियंत्रणाने दुसरे आपोआप हलवण्यावर, चालत असे. एलएफओचा, म्हणजे संथपणे वरखाली होणाऱ्या नियंत्रक तरंगाचा, क्रमांक उचलून हव्या त्या नॉबखाली टाकला की तो नॉब आपोआप हलू लागे. त्यातल्या ‘मॉडर्न टॉकिंग’ नावाच्या वेव्हटेबलवर डबस्टेप या नृत्यसंगीताच्या प्रकारातले गुरगुरणारे बास किती जणांनी उभे केले असतील याची मोजदाद नाही. मात्र मॅसिव्हमध्ये ऑसिलेटरच्या आत प्रत्यक्ष काय चालले आहे हे दिसत नसे. वेव्हटेबलचे नाव दिसे, नॉबची जागा दिसे, पण तरंगरूप मनातच कल्पावे लागे.

2014 मध्ये स्टीव्ह ड्यूडा यांनी सीरम आणला तेव्हा नेमकी हीच उणीव भरून निघाली, आणि माझ्या मते त्याच्या लोकप्रियतेचे खरे मूळ येथे आहे. सीरममध्ये वेव्हटेबल डोळ्यांसमोर असते. त्यात 256 पर्यंत चौकटी, प्रत्येक चौकटीत 2048 नमुने, आणि त्या एकामागे एक रचलेल्या डोंगररांगेसारख्या दिसतात. मॉड्युलेशन लावले की या रांगेतून पुढेमागे सरकणारी रेषा दिसते, एलएफओचा आकार हाताने काढता येतो आणि कोणत्या नॉबवर किती परिणाम होतो आहे हे त्याच्याभोवतीच्या निळ्या कमानीवरून कळते. स्वतःचा एखादा ध्वनी टाकून त्याचेच वेव्हटेबल करता येते. ज्यांनी ध्वनिसंश्लेषण कोणत्याही वर्गात शिकलेले नाही अशा हजारो मुलामुलींनी ते सीरमच्या पडद्याकडे पाहून शिकले. आपल्याकडे गुरू समोर बसून गातो आणि शिष्य त्याच्या हाताकडे, चेहऱ्याकडे पाहून अर्धे शिकतो. सीरमने ऐकण्याला अशी पाहण्याची जोड दिली.

पुढचे सगळे त्यातून घडत गेले. दिसते म्हणून शिकवायला सोपे, त्यामुळे सीरमवरच्या शिकवणीच्या चित्रफितींचा साठा वाढला, आणि चित्रफिती पाहून शिकणारे सीरमच घेऊ लागले. प्रीसेट, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले ध्वनी, विकणाऱ्यांनी मोठी गिऱ्हाइकी पाहून सीरमसाठीच संच तयार केले. 2016 पासून स्प्लाइस या संकेतस्थळावर महिना 9.99 डॉलर भरत जाऊन तेव्हा 189 डॉलरचा असलेला हा सिंथ कायमचा आपला करण्याची सोय झाली. एकदम मोठी रक्कम न भरता, पायरेटेड प्रत सोडून खरी प्रत घेण्याचा हा मार्ग अनेकांनी धरला. 2025 मध्ये सीरम 2 आला तोही जुन्या ग्राहकांना विनामूल्य मिळाला आणि जुने प्रीसेट त्यात चालतात. म्हणजे सीरमच्या पहिल्या क्रमांकातला मोठा हिस्सा या सगळ्या साठ्याचा आहे, आणि दोघांनी मिळून काम करताना एकमेकांचे प्रकल्प उघडता यावेत ही सोयही त्यात येते. ध्वनीचा दर्जा हे त्यामागचे फक्त एक कारण.

2020 च्या नोव्हेंबरमध्ये मॅट टायटेल यांनी व्हायटल आणला, तेव्हा याच कारणांची परीक्षा झाली. तोही वेव्हटेबल सिंथ, तोही सगळे काही हलताना दाखवणारा, आणि त्याची मूळ आवृत्ती विनामूल्य. पैसे भरणाऱ्यांना जास्त प्रीसेट आणि जास्त वेव्हटेबले मिळतात, पण ध्वनी निर्माण करणारे इंजिन सर्वांना सारखेच आहे, आणि त्याचा स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्रामही, सर्वांसाठी खुला केलेला आहे. तो काही महिन्यांतच याद्यांत वर आला. विनामूल्य असणे आणि दिसणे या दोन गुणांच्या बळावर एक माणूस प्रस्थापितांच्या शेजारी उभा राहू शकतो, याचे मला आजही कौतुक वाटते.

ऑम्निस्फिअर आणि डिव्हा यांचा चाहतावर्ग मात्र वेगळा आहे. एरिक पर्सिंग यांच्या स्पेक्ट्रासॉनिक्सचा ऑम्निस्फिअर 2008 चा. दुसऱ्या आवृत्तीचा साठाच सुमारे 64 जीबी आहे, आणि चित्रपट-मालिकांचे पार्श्वसंगीत करणाऱ्यांना एका रात्रीत दहा वातावरणे उभी करायची असतात तेव्हा तो हाताशी लागतो. उर्स हेकमान यांच्या बर्लिनमधल्या कंपनीचा डिव्हा 2011 चा आहे. जुन्या अॅनलॉग सर्किटांचे वागणे तो इतक्या बारकाईने मोजतो की त्याच्या ‘डिव्हाइन’ या सर्वांत अचूक पातळीवर चांगला संगणकही दमतो. मतदान करणाऱ्यांत पार्श्वसंगीतकार जास्त असतील तर ऑम्निस्फिअर वर जातो, अॅनलॉगप्रेमी जास्त असतील तर डिव्हा, आणि विशीतली नृत्यसंगीतवाली मंडळी जास्त असतील तर सीरम किंवा व्हायटल. यादीत कोण पहिला हे पाहण्याआधी मत कोणी दिले हे पाहावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

लोकप्रियता आणि महत्त्व यांत किती अंतर असू शकते याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. रोलंडचा टीबी-303 हा छोटा बास सिंथ 1981 च्या अखेरीस आला. तो गिटारवादकांना साथीसाठी विकायचा होता, पण त्यात अपयश आले आणि 1984 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्या काळी लोकप्रियतेची यादी केली असती तर तो तळाला असता. त्याच काळात, 1982 मध्ये, हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी टीबी-303, टीआर-808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथ अशी तीन यंत्रे वापरून डिस्को तालावर रागांचा एक अल्बम केला. टीबी-303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि तिच्यामुळे रागातल्या मींडेच्या जवळ जाणारा परिणाम मिळतो. तो अल्बमही तेव्हा कोणी फारसा घेतला नाही. पुढे शिकागोमध्ये याच यंत्राभोवती अॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला, 1997 मध्ये ‘रीबर्थ’ नावाच्या सॉफ्टवेअरने त्याची प्रतिकृती संगणकात आणली, आणि 2010 मध्ये तो अल्बम पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभर चकित होऊन ऐकला गेला.

मींडेचा विषय निघाला म्हणून सांगतो, तुम्हाला रागसंगीताच्या अंगाने काही करायचे असेल तर एक गोष्ट कुठल्याच लोकप्रियतेच्या यादीत मोजली जात नाही, ती म्हणजे सिंथला बारा समान भागांपेक्षा वेगळी स्वरस्थाने देता येतात की नाही. व्हायटल आणि सर्ज एक्सटी या दोघांतही ट्यूनिंगच्या फाइली टाकून कोमल ऋषभ हवा तेवढा उतरवता येतो. सर्ज हा मुळात क्लेस योहान्सन यांचा विक्रीचा सिंथ होता. त्यांनी 2018 मध्ये त्याचा स्रोत खुला केला आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो वाढवत आले आहेत. याद्यांत तो क्वचितच वर दिसतो, माझ्या कामात मात्र तो आठवड्यातून तीन-चारदा उघडतो.

आता तुमच्या खरेदीविषयी. आजच पैसे खर्च करू नका. आधी व्हायटल उतरवून घ्या आणि त्याचे प्रीसेट बाजूला ठेवून रिकाम्या पाटीपासून रोज एक ध्वनी तयार करा, म्हणजे एक बास, एक पॅड, एक घंटेसारखा स्वर, असे. दोन-तीन महिन्यांत तुमच्या हाताला कोणत्या ध्वनीची ओढ आहे हे तुम्हाला स्वतःलाच कळेल. ती ओढ तीक्ष्ण, बदलत जाणाऱ्या बासकडे असेल आणि ज्यांच्याबरोबर काम करायचे ते सीरमवर असतील, तर सीरम घ्या, त्याला त्या कामात तोड नाही. जुन्या अॅनलॉगची ऊब हवी असेल तर डिव्हाची चाचणीची प्रत तुमच्याच लॅपटॉपवर चालवून पाहा. काम करताना ‘फास्ट’ पातळीवर ठेवा, अंतिम ध्वनी काढताना ‘डिव्हाइन’ करा, आणि चार स्वर एकत्र दाबल्यावर आवाज तुटतो का तेवढे ऐका. ऑम्निस्फिअर मात्र पार्श्वसंगीताचे काम प्रत्यक्ष हाती येईपर्यंत घेऊ नका, कारण तो महाग आहे आणि त्याचा साठा मावण्याएवढी जागा साध्या लॅपटॉपमध्ये सहसा रिकामी नसते.