बिझनेस क्लासचं तिकीट काढा, तिसरा हप्ता मात्र भरू नका

जुळे सोलापुरातून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय ६१, माध्यमिक शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त, पेन्शन महिना ३८ हजार, बँकेत १४ लाखांची एफडी, घर स्वतःचं. मुलगी न्यू जर्सीत असते आणि मे महिन्यात तिचं बाळंतपण आहे. दोघं एप्रिलमध्ये जाऊन सहा महिने राहणार आहेत. पत्नीचे दोन्ही गुडघे झिजलेत, मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. मुंबईहून नेवार्कपर्यंत सलग पंधरा-सोळा तास. एजंटाने जाऊन-येऊन साध्या वर्गाचे माणशी सव्वा लाख सांगितले आणि बिझनेस क्लासचे पावणेपाच. म्हणजे दोघांचे सात लाख जास्त. "आयुष्यात एकदाच जाणार आहोत, हिला आडवं होता यावं एवढीच इच्छा आहे. एफडी मोडावी का?" एवढाच प्रश्न आहे.

पण पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: "बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचे वर्षाला चार लाखांप्रमाणे दोन हप्ते भरलेत. डिसेंबरमध्ये तिसरा भरला की संपलं, पाचव्या वर्षी अठरा लाख येतात, त्यातून एफडी परत होईल." सोबत पॉलिसीच्या कागदांचे फोटो आहेत.

सर, आधी तिकिटाचं सांगतो, कारण ते सोपं आहे. वहिनींना आडवं होता यावं ही इच्छा अगदी योग्य आहे, तिच्यासाठी मन खाऊ नका. त्या फिरायला चाललेल्या नाहीत. पोचल्यावर त्यांना बाळ-बाळंतिणीचं सगळं करायचं आहे. पण आडवं होण्याची गरज जाताना आहे. येताना घाई नाही, घरी येऊन आठ दिवस झोपता येईल. तेव्हा एजंटाला फक्त जातानाचा बिझनेस क्लास आणि येतानाचा साधा वर्ग असा भाव विचारा. तुमच्याच आकड्यांवरून अंदाज धरला तर माणशी पावणेदोन लाख जास्त, दोघांचे साडेतीन. या भावात जीएसटी धरलाय का तेही विचारा. साध्या वर्गाला ५ टक्के लागतो, बिझनेसला सप्टेंबर २०२५ पासून १८. सीट पूर्ण सपाट होते का हे त्या विमानाचं नाव घेऊन विचारा, सगळ्या विमानांत होत नाही. व्हीलचेअर मात्र कुठल्याही वर्गात फुकट मिळते, तिकीट काढतानाच नोंदवा.

आणि एक. सकाळच्या वंदे भारतने मुंबई गाठून त्याच रात्री विमानात बसू नका. साडेसहा तास रेल्वेत, मग विमानतळावर चार तास, मग ते सोळा तास. गुडघ्यांची वाट तिथेच लागते. आदल्या दिवशी जा, दादरला नाहीतर ठाण्याला कुणी नातेवाईक असेल त्यांच्याकडे मुक्काम करा.

आता त्या दोन ओळी.

तुम्ही पाठवलेल्या कागदावर हप्ता भरण्याची मुदत १० वर्षं लिहिली आहे. तीन नव्हे. पॉलिसीची मुदत २० वर्षं. पॉलिसी डिसेंबर २०२४ची, म्हणजे पैसे २०४४ साली, तुम्ही ८० वर्षांचे झाल्यावर. रक्कम ८६ लाख. आकडा मोठा दिसतो, पण ४० लाख भरून वीस वर्षं थांबल्यावर ८६ लाख म्हणजे वर्षाला साधारण ५ टक्के. पाचव्या वर्षी अठरा लाख मिळतील असं त्या कागदांत एकाही पानावर नाही. मी प्रत्येक फोटो मोठा करून वाचला.

मग अठरा लाख आले कुठून? तेही तुम्हीच पाठवलंय. बँकेची पैसे काढायची स्लिप, तिच्या पाठीमागे निळ्या पेनने लिहिलंय: "३ × ४ = १२, ५ वर्षांनी १८". खाली पॉलिसी विकणाऱ्या बँकेतल्या मुलाचं नाव आणि मोबाइल नंबर. बारा लाखांचे पाच वर्षांत अठरा म्हणजे वर्षाला साडेदहा टक्के, तेही हमीने. हमी देऊन एवढं व्याज या देशात कुठलीही विमा कंपनी देत नाही.

तुम्ही लिहिता, "टॅक्स-फ्री आहे म्हणून घेतली." सर, तुमची पेन्शन वर्षाला साडेचार लाख आणि एफडीचं व्याज लाखभर. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत तुम्हाला कर शून्य आहे. ज्याला करच नाही त्याला करमुक्तीसाठी वीस वर्षं अडकवलं. याचा मला खरोखर संताप येतो. एफडीची मुदत संपली की काउंटरवरून आत बोलावायचं, चहा मागवायचा आणि निवृत्तीच्या पैशाला दहा वर्षांच्या हप्त्यांची दावण लावायची. असं पत्र मला दर महिन्याला येतं.

आता हिशेब पाहा. निवृत्तीनंतर एफडी २२ लाख होती, दोन हप्त्यांत ८ गेले, राहिले १४. पुढचे आठ हप्ते म्हणजे ३२ लाख. १४ लाखांतून ३२ लाख कसे भरणार? व्याज धरूनही या आठांतल्या चौथ्या हप्त्याला एफडी कोरडी पडते. त्यानंतर वर्षाची जवळजवळ सगळी पेन्शन त्या हप्त्यात जाईल. तुम्ही भीत होतात ती सात लाखांच्या तिकिटाला. खरी भीती या ३२ लाखांची वाटायला हवी होती.

प्रस्तावाचा अर्जही बघा, तिसऱ्या पानावर. व्यवसाय: "व्यापार". वार्षिक उत्पन्न: "१५ लाख". हे तुम्ही लिहिलेलं नाही, अक्षर तुमचं नाही, सही मात्र तुमची आहे. कंपनीकडून पडताळणीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" असं त्या मुलाने सांगितलं, हेही तुम्ही लिहिलंय. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, पण तो लिफाफा देवघराखालच्या कप्प्यात तसाच राहिला. झालं ते झालं, त्यावर आता स्वतःला दोष देत बसू नका.

याच आठवड्यात बँकेला आणि विमा कंपनीला वेगवेगळं लेखी पत्र द्या: खोटं सांगून पॉलिसी विकली, अर्जात उत्पन्न आणि व्यवसाय खोटा भरला, भरलेले आठ लाख परत करा. स्लिपची आणि पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालांकडे तक्रार करा. सोलापूरसाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. नकारानंतर वर्षाच्या आत मात्र जायला हवं. पैसे परत मिळतीलच असा शब्द मी देत नाही, पण अशा स्लिपसारखा पुरावा फार थोड्यांकडे असतो.

तक्रार फेटाळली गेली तरी तिसरा हप्ता भरायचा नाही. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर वर्षानंतर पॉलिसी मोडताना कंपनीला तुम्हाला काही रक्कम द्यावीच लागते. तुमच्या बाबतीत माझा अंदाज चार-साडेचार लाखांचा आहे. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा. किंवा हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर, दहापैकी दोनच हप्ते भरलेत म्हणून, ८६ लाखांतला दहापैकी दोन हिस्से, म्हणजे सतरा लाखांच्या आसपास, ८०व्या वर्षी मिळतील. दोन्हींचं मोल जवळजवळ सारखंच आहे. तुमच्या वयाला मी मोडून पैसे हातात घ्यायला सांगेन. "दोन हप्ते वाया जातील म्हणून तिसरा भरतो" हा विचार येईल, येतोच. त्याने तुटलेले साडेतीन लाख परत येत नाहीत, आणखी चार अडकतात.

आता परत तिकिटाकडे या. डिसेंबरचा जो हप्ता तुम्ही भरणार नाही, तो चार लाखांचा. जातानाचा बिझनेस क्लास साडेतीन लाखांचा. वरचे पन्नास हजार प्रवासविम्याला ठेवा, कारण "मुलीच्या कंपनीच्या विम्यात आम्ही येऊ" हे तुमचं वाक्य चुकीचं आहे. तिकडच्या नोकरीच्या विम्यात नवरा-बायको आणि मुलं येतात, आईवडील सहसा येत नाहीत. मुलीला कंपनीत विचारायला सांगा, पण त्याच्या भरवशावर विमानात बसू नका. तिकडे दवाखान्यात एक रात्र काढली तरी बिल हजारो डॉलरचं होतं. विमा घेताना वहिनींचा मधुमेह आणि बीपी अर्जात स्वच्छ लिहा, आणि आधीच्या आजारांतून काही झालं तर किती रकमेपर्यंत देणार, तो आकडा मागा. स्वस्त पॉलिसी नेमकी तिथेच हात झटकते. गोळ्या सहा महिन्यांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

दोघांची साधी तिकिटं अडीच लाख, वरचे साडेतीन, विम्याचा अर्धा लाख: एकूण साडेसहा लाख. एफडीत साडेसात राहतील. त्यातले पाच लाख वहिनींच्या नावाने पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका, त्यांना ६० पूर्ण झाली असतील तर. नसतील तर तुमच्या नावाने. ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांना सव्वादहा हजार येतील. पॉलिसीतून जे सुटेल तेही तिथेच. बाकीचे अडीच लाख एफडीत अडीअडचणीला असू द्या.

ती स्लिप प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला. तक्रार गेल्यावर बँकेतून फोन येईल, "मूळ कागद घेऊन या, साहेबांना दाखवू, इथेच मिटवू." जा, पण झेरॉक्स घेऊन. मूळ स्लिप घराबाहेर न्यायची नाही, आणि अमेरिकेला निघताना ती घरच्याच एखाद्या विश्वासू माणसाच्या ताब्यात द्या.