जुळ्यांचं दूध: एक उठलं की दुसऱ्यालाही उठव

अगं, नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितं. दोघांचं वेगवेगळं सांभाळायला गेलीस तर पाठ टेकायलाही मिळणार नाही. एक उठलं की दुसऱ्यालाही हलकेच उठव. दुपटं सोड, तळपाय चोळ. दोघांना एकदम पाजताना दोन्ही काखांखाली उशा आणि बाळांचे पाय तुझ्या पाठीकडे. सुरुवातीला कुणीतरी हाताशी लागतंच, संकोच करू नकोस.

मी जुन्या कालनिर्णयच्या पानामागे दोन रकाने आखले होते: कोण, कधी, कुठल्या बाजूला, शू किती. एकदा पहाटे तीनला थोरलीलाच दोनदा पाजलं नि धाकटा रडून रडून झोपला, तेव्हापासून. पाचव्या दिवसानंतर प्रत्येकाचे दिवसाला 6 तरी लंगोट ओले हवेत. बाळं अपुऱ्या दिवसांची असतील तर डॉक्टर सांगतील त्या अंतराने झोपेतून उठवूनही पाजायचं.

काढलेलं दूध आपल्या मुंबईच्या उकाड्यात 4 तासांपुढे बाहेर ठेवू नकोस. आणि घुटीचा आग्रह होईलच. सहा महिने पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरांच्याच तोंडून सासूबाईंना ऐकव. माझं ऐकलं नव्हतं कुणी!