अ‍ॅपवरचे गुण आणि शिक्का बसण्याची भीती

“मॅडम, हे आभा कार्डाला जोडलं गेलं तर ऑफिसला कळेल का? डिप्रेशनचा शिक्का बसेल ना?” आभा कार्ड म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणारे सरकारी डिजिटल ओळखपत्र. समोरच्या बाई बँकेत नोकरीला होत्या (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). थायरॉइडच्या तपासणीच्या वेळी रुग्णालयाच्या अ‍ॅपवर त्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे तपासणारी प्रश्नावली भरली होती आणि २७ पैकी १५ गुण आले होते.

या प्रश्नावलीतला नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयी असतो, म्हणून आधी मी तोच समोरासमोर विचारला. तसे विचार नव्हते. (असतील तर भेटीची वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोलावे.) मग मी सांगितले की १५ गुण म्हणजे निदान नव्हे, प्रश्न गेल्या दोन आठवड्यांपुरते असतात, आणि थकवा किंवा मंदावलेपण थायरॉइड कमी पडल्यानेही येते.

मला अधिक महत्त्वाची वाटली ती त्यांनी स्वतःहून दाखवलेली दोन वर्षांपूर्वीची नोंद: ‘आठवडाभर तीन तास झोप, तरी थकवा नाही, बोलणे भरभर.’ त्याच आठवड्यात पगाराहून जास्त खरेदी झाल्याचे आणि घरच्यांनी तो उत्साह समजल्याचे त्यांना आठवले. पीएचक्यू-९ फक्त उदासीबद्दल विचारते, मनःस्थितीतला हा चढ तिच्यात दिसत नाही. आणि उदासी व अति-उत्साह आलटून पालटून येणाऱ्या बायपोलर आजारात नुसते नैराश्याचे औषध दिल्यास असा चढ पुन्हा उसळू शकतो. म्हणून ही नोंद मानसोपचारतज्ज्ञांनी पाहायलाच हवी, असा आग्रह मी धरला.

भीतीचे उत्तरही द्यायला हवे होते. आभा व्यवस्थेत नोंदी रुग्णालयाकडेच राहतात, त्या दुसऱ्याला दिसण्यासाठी आपली संमती लागते, तीही ठरावीक मुदतीची, आणि ती मागे घेता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधली गोपनीयता डिजिटल नोंदींनाही लागू आहे. कुठल्याही फुकट ‘मूड टेस्ट’ अ‍ॅपबद्दल मात्र मी अशी खात्री देणार नाही. तिथे माहिती भरण्यापूर्वी अटी वाचाव्यातच. विम्याच्या अर्जात आजार लपवू नका, हेही मी बजावले, कारण त्याच कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक केले आहे.

त्यांनी फक्त मानसोपचारतज्ज्ञांना, महिनाभरासाठी संमती दिली. बाईंशी आणि त्यांच्या यजमानांशी सविस्तर बोलल्यावर डॉक्टरांनी बायपोलरचे निदान केले. लिथियम हे बायपोलरवरचे औषध थायरॉइडवर परिणाम करू शकते, म्हणून ते द्यावे की नाही हे ठरवताना त्याच नोंदींतले थायरॉइडचे जुने रिपोर्ट त्यांना कामी आले.